यकृताचे निवेदन अद्याप अप्राप्त

छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौक हे तक्रार मांडण्याचे अधिकृत पीठ मानले जाते. 1857 च्या उठावातील शिपायांना इंग्रजांनी जेथे देहदंड दिला तो काळा चबुतरा याच परिसरातला असून, पुढे शेतकरी, विद्यार्थी, अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार अशा प्रत्येक पीडित घटकाने धरणे, निदर्शने आणि साखळी उपोषणे करून चौकाचे नाव सार्थ ठेवले आहे. 9 ऑगस्ट 2016 रोजी मराठा क्रांती मोर्चा याच चौकातून निघाला आणि तो मूक असूनही त्याची दखल थेट मुंबईत घेतली गेली, त्यामुळे येथे न बोलणाऱ्याचेही ऐकले जाते असा निष्कर्ष एखाद्या अभ्यासकाने काढल्यास त्याला दोष देता येणार नाही. तथापि या नियमाला एक अपवाद आहे. चौकातून जाणाऱ्या प्रत्येक प्रौढ नागरिकाच्या उजव्या बरगड्यांखाली सुमारे दीड किलो वजनाचा एक कामगार अहोरात्र राबत असतो, रक्तातील विषारी द्रव्ये निकामी करणे, पित्त तयार करणे, साखरेचा साठा सांभाळणे अशी शेकडो कामे तो एकटा उरकतो, आणि त्याने आजवर एकही निवेदन दिलेले नाही. ज्याचे निवेदन नाही त्याची तक्रार नाही, हे प्रशासनाचे तत्त्व नागरिकांनी यकृताला जसेच्या तसे लावले आहे.

या मौनाला शरीरशास्त्रीय कारण आहे. यकृताच्या अंतर्भागात वेदना कळवणारे मज्जातंतू जवळजवळ नसतात आणि बाहेरचे पातळ वेष्टन ताणले गेले तरच काही दुखल्याचे जाणवते. शिवाय शस्त्रक्रियेत त्याचा मोठा भाग काढून टाकला, तरी निरोगी यकृताचा उरलेला भाग वाढून काही महिन्यांत बहुतांश भरपाई करतो. निम्मी पदे रद्द झाली तरी काम न अडवणारा असा कर्मचारी कोणत्याही आस्थापनेला हवाहवासा वाटावा, आणि असा कर्मचारी तेथे जसा वागवला जाईल तसाच तो येथेही वागवला जातो.

त्याच्यावरील पहिला बोजा मद्याचा नसून चहाचा आहे, हे अनेक निर्व्यसनी गृहस्थांना पटत नाही. कपामागे साखरेचे दोन चमचे धरले, तर दिवसाच्या पाच कपांतून चाळीस-पन्नास ग्रॅम साखर पोटात जाते; जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची इष्ट मर्यादा मात्र दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅम सांगते. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज नावाच्या शर्करेचा असतो, तिचा निपटारा मुख्यतः यकृतालाच करावा लागतो, आणि गरजेपेक्षा जास्त आलेल्या मालाची तेथे चरबी होते. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींत अशी चरबी साठली की त्या अवस्थेला मेदयुक्त यकृत, म्हणजे घरोघरी परिचित झालेले ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. यातून काहींमध्ये दाह, दाहातून तंतुमय व्रण आणि अखेरीस यकृत आक्रसून निबर होण्याचा सिऱ्हॉसिस हा विकार उद्भवू शकतो, आणि त्यासाठी दारूचा थेंबही लागत नाही. सोनोग्राफीच्या अहवालात मात्र ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असे लिहिलेले आढळले की रुग्ण तो कागद गुणपत्रिकेसारखा उलगडतो, पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरते, ‘ग्रेड वनच आहे, म्हणजे काही नाही’ असा निकाल घरच्या घरी लागतो आणि त्या आनंदात चहा टाकला जातो. याच न्यायाने चौकातले उपोषणही मान्यवरांच्या हस्ते खोक्यातल्या गोड फळरसाने सोडवले जाते. आंदोलकाच्या मागण्या त्या दिवशी मान्य होवोत वा न होवोत, यकृताकडे काम तत्काळ वर्ग होते.

मद्यपानाच्या बाबतीत महाराष्ट्राने पंचांगाशी सुसंगत असे शास्त्र विकसित केले आहे. दिवसा धरण्याला बसणारे आणि संध्याकाळी निराळ्या अर्थाने ‘बसणारे’ अशा दोन्ही वर्गांना मान्य असलेल्या या शास्त्रानुसार, गटारीच्या रात्री पुढील महिन्याचा कोटा आगाऊ उचलला की श्रावणात खाते आपोआप साफ होते. यातला उत्तरार्ध वैद्यकालाही अंशतः मान्य आहे, कारण मद्याने आलेली सुरुवातीची चरबी काही आठवडे पूर्ण वर्ज्य केल्यास ओसरू शकते. अडचण इतकीच की त्या आठवड्यांत ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हा नियमही पाळला जातो आणि दारूने रिकामी केलेली जागा तुपातली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शिरा भरून काढतात. गटारीच्या दुसऱ्या दिवशी डोके दुखते म्हणून घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची तर मोजदादच नसते. प्रौढासाठी दिवसाला चार ग्रॅम ही या औषधाची कमाल मर्यादा असून, त्यापासून तयार होणारा घातक अंश निकामी करणाऱ्या ग्लुटाथायोन या द्रव्याचा साठा रोजच्या मद्याने आधीच आटलेला असतो, त्यामुळे अशा माणसाने ती मर्यादाही आपली मानू नये.

इतके झाल्यावर ‘शुद्धी’ची निकड भासणे ओघानेच आले. करोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचे काढे उकळले गेले. 2020 च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताची इजा नोंदवली, तो अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा ठरवताना सेवन केलेली वनस्पती गुळवेलच होती का, असा प्रश्न उपस्थित केला. परसातून किंवा बाजारातून आणलेल्या वेलीची ओळख पटवणे काढा पिणाऱ्याचे काम आहे, एवढे या वादातून निष्पन्न झाले. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ या वाक्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

सवयी केवळ नागरिकांना असतात असे मानणे अन्यायाचे होईल, कारण काही सवयी नळालाही असतात. पैठणच्या नाथसागरातून पाणी घेणाऱ्या या शहरात नळ अनेक दिवसांच्या अंतराने येतो, 1,680 कोटी रुपयांच्या नव्या पाणी योजनेचे भूमिपूजन 2020 च्या डिसेंबरात झाले, आणि बिअरच्या कारखान्यांसाठी नावाजलेल्या याच शहरात 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला मद्यनिर्मितीचे पाणी टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत तोडण्याचा आदेश द्यावा लागला होता. जलवाहिनी रिकामी पडली की तिच्यात दाब उरत नाही आणि भेगांमधून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यातूनच कावीळ आणणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूंचा प्रवास होतो.

डोळे पिवळे झाले की शेवटी यकृत बोलले असे समजावे, परंतु तेव्हाही त्याला डॉक्टरपुढे नेण्याऐवजी कावीळ उतरवून देणाऱ्याकडे नेले जाते. तेथे विशिष्ट साल किंवा पाला चोळलेले हात चुन्याच्या निवळीत धुतले जातात, परातीतले पाणी पिवळे होते आणि ती कावीळच बाहेर पडली अशी सर्वांची खात्री पटते. शेजारी उभ्या असलेल्या निरोगी मेहुण्याचे हात त्याच पाल्याने चोळून धुतले तरी पाणी तितकेच पिवळे होईल, हा प्रयोग करून पाहण्याची पद्धत नाही. विषाणूजन्य ‘ए’ कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपली आपण ओसरत असल्याने या उपचाराचे यश डोळ्यांत भरण्याजोगे असते. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकलेले रुग्ण आणि ‘ई’ विषाणूची बाधा झालेल्या गर्भवती, ज्यांच्या प्राणावर हा आजार बेतू शकतो, हे या यशात मोजले जात नाहीत. त्यांच्यापैकी तक्रार घेऊन परत येणारे फारच थोडे असतात.