ध्वनिपंत

ज्यांच्या दिवाणखान्यात बसण्याजोगी खुर्ची एकच असते आणि उरलेली जागा स्पीकरांनी व्यापलेली असते, अशा गृहस्थांचा एक नवा वर्ग अलीकडे आपल्या शहरांत उदयास आला असून, कोथरूडपासून घोडबंदर रस्त्यापर्यंतच्या कोणत्याही मोठ्या गृहसंकुलात त्याचा एखादा तरी प्रतिनिधी हटकून सापडतो. सोयीसाठी आपण त्यांना ध्वनिपंत म्हणू. ध्वनिपंत बहुधा चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले असतात. मुले परदेशी स्थायिक झालेली असतात. आणि येताना काय आणू, असे ती विचारतात तेव्हा इतर वडीलधारी माणसे संकोचाने गुडघ्याचे मलम सांगतात, तिथे ध्वनिपंत एका रिसीव्हरचा सहा अंकी आणि दोन अक्षरी मॉडेल क्रमांक तोंडपाठ सांगतात. घरी आलेल्या पाहुण्याला चहा घेणार का, असे ते विचारीत नाहीत; ‘ऐकणार ना?’ असे विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता पडदे ओढतात.

त्या एकमेव खुर्चीचे स्थान त्यांनी स्वतः ठरविलेले नसून यंत्राने मुक्रर केलेले असते. त्या मोजणीच्या दिवशी पंखा बंद होतो, फ्रिज बंद होतो, दाराच्या घंटेवर ‘वाजवू नये’ अशी चिठ्ठी चिकटते, वहिनींची रवानगी शेजारच्या घरी होते, आणि दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर, बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर, एक इवलासा मायक्रोफोन विराजमान होतो. मग प्रत्येक स्पीकर आळीपाळीने चमत्कारिक फूत्कार सोडतो. एक मीटर अंतर कापायला ध्वनीला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यावरून प्रत्येक स्पीकरचे अंतर काढून, जवळच्याला किंचित थोपवून धरून, सर्वांचा आवाज खुर्चीपाशी एकाच क्षणी रुजू होईल अशी तजवीज यंत्र करते. या कामी यंत्राची अक्कल खरोखर वाखाणण्यासारखी आहे. पुढे मोलकरणीने केर काढताना खुर्ची वीतभर सरकवली की ध्वनिपंतांचा दिवस वाया जातो.

परंतु त्यांच्या प्रतिभेचे खरे क्रीडांगण म्हणजे रिमोटवरील ‘मोड’ हे बटण. स्टीरिओ, डायरेक्ट, डॉल्बी सराउंड, न्यूरल एक्स, मल्टिचॅनल स्टीरिओ, हॉल, स्टेडियम, जॅझ क्लब ही नामावळी ते अशा भक्तिभावाने उच्चारतात, की ऐकणाऱ्याचा हात नकळत आचमनासाठी पुढे यावा. यांतले शास्त्र मात्र समजून घेण्याजोगे आहे. ज्या चित्रपटाचा ध्वनी मुळातच पाच दिशांना वेगवेगळा लिहिलेला असतो – 1992 साली ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आणि पुढच्याच वर्षी ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस चित्रपटगृहांत आले, त्या धाटणीचा – त्याला रिसीव्हरने केवळ बरहुकूम वाट करून द्यायची असते. पंचाईत होते ती दोनच मार्गांनी आलेल्या ध्वनीची. 1987 साली घरगुती यंत्रांत आलेल्या प्रो लॉजिकने यावर जी युक्ती योजली, तिच्यात रिसीव्हर एखाद्या मामलेदार कचेरीतल्या शिरस्तेदारासारखा वागतो: डाव्या आणि उजव्या टपालात जे जसेच्या तसे सारखे आढळेल ते मधल्या मेजावर, जे परस्परविरुद्ध आढळेल ते मागच्या खोलीत, आणि बाकीचे ज्याचे त्याच्याकडे. हल्लीचे डॉल्बी सराउंड आणि न्यूरल एक्स हे याच शिरस्तेदाराचे अधिक शिकलेले वारसदार होत. आता ध्वनिमुद्रण जर जुन्या काळचे, मोनो असेल, तर डावे आणि उजवे टपाल अक्षरशः एकच. अर्थात सारे काम मधल्या मेजावर पडते आणि बाकीचे सहा कारकून पूर्ण पगारावर स्वस्थ बसून राहतात.

हे ध्वनिपंतांना सहन होत नाही. बालगंधर्वांची एखादी जुनी तबकडी – तीन मिनिटांची, मोनो, खरखरीने सजलेली – संगणकात उतरवून त्यांनी जपून ठेवलेली असते. ती न्यूरल एक्समध्ये लावल्यावर गाणे एकट्या मधल्या स्पीकरातून येऊ लागले, की त्यांना पैसे बुडाल्याचे दुःख होते. मग ते हॉल मोडचा आश्रय घेतात. यामाहा कंपनीने 1986 साली, जगातल्या नामांकित सभागृहांत प्रत्यक्ष मोजमापे घेऊन त्यांचे प्रतिध्वनी घरात निर्माण करणारे एक यंत्र बाजारात आणले, आणि म्युनिकचे सभागृह, व्हिएन्नाचे सभागृह असे पर्याय तिच्या रिसीव्हरांत पुढे कायमचे रूढ झाले. त्यायोगे ज्या नटवर्यांनी आयुष्य महाराष्ट्राच्या रंगभूमीवर वेचले, ते ध्वनिपंतांच्या दिवाणखान्यात म्युनिकला गातात. आणि ‘व्हिएन्नात थोडे अधिक खुलतात, नाही?’ असा प्रश्न पाहुण्याला येतो. या प्रश्नाला होकार देणे शिष्टाचारास धरून असते, यापलीकडे त्यात काही नाही. जी तबकडी एकाच कर्ण्यासाठी गायली गेली, तिला म्युनिकची हवा देण्यात तिचे काहीच हित नसते.

प्युअर डायरेक्ट हा मोड मात्र ते एकादशीसारखा कडकडीत पाळतात. तो लावताच रिसीव्हरवरचे दिवे मालवतात, चित्राचे मार्ग बंद पडतात, सर्व संस्कार रद्द होतात आणि दोनच स्पीकर बोलतात. मे महिन्यातही पंखा बंद करून, घाम टिपीत, ‘हा खरा आवाज’ असे ते कुजबुजतात. आणि खरे सांगायचे तर दोन मार्गांनी आलेल्या गाण्याला हाच न्याय योग्य होय. पण तो फार काळ टिकत नाही, कारण या मोडमध्ये बटण दाबून दाखविण्यासारखे काही उरत नाही.

त्यांच्या अभिमानाचा एक विषय म्हणजे डॉल्बीसाहेब. रे डॉल्बी 1963 ते 1965 या काळात संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडला होते, ही वार्ता ते इतक्या जिव्हाळ्याने सांगतात, की साहेबांचे शिक्षण नूतन मराठी विद्यालयात झाले असावे असा भास व्हावा. गणपतीच्या मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा हादरविणाऱ्या स्पीकरांच्या भिंतीला लोक ‘डॉल्बी’ म्हणतात, याने तर ते कष्टी होतात. ‘अहो, त्या माणसाच्या कंपनीने प्रथम जे काढले ते टेपवरची खरखर कमी करणारे यंत्र!’ त्यांची ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे, आणि ती ऐकायला गल्लीत कोणाला वेळ नाही.

एके दिवशी पुतण्याने टीव्हीची सेटिंग्ज चाळून पाहिली. टीव्हीतून रिसीव्हरकडे जाणारा ध्वनी पीसीएमवर, म्हणजे दोनच मार्गांवर, ठेवलेला आढळला. तात्पर्य, पाठीमागून आलेल्या ज्या हेलिकॉप्टरांची ध्वनिपंतांनी इतकी तारीफ केली होती, ती सारी शिरस्तेदाराच्या अंदाजाने उडत होती. ‘काका, तुम्हाला फरक कळला नाही?’ ‘कळला ना,’ ध्वनिपंत शांतपणे म्हणाले, ‘म्हणून तर न्यूरल एक्स लावत होतो.’ त्याच संध्याकाळी खऱ्या पाच मार्गांचा चित्रपट लागला असता, डाव्या बाजूने, मागून, एक अत्यंत सुस्पष्ट शिट्टी ऐकू आली. ‘वा! काय तो मागचा डावा!’ असे एक पाहुणे उद्गारले. ध्वनिपंतांनी मान तुकवून स्तुती स्वीकारली. ‘अहो, तिसरी झाली,’ वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘गॅस बंद करू, की तुमचं विमान उतरल्यावर?’

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा रिसीव्हर नुकताच आला असेल तर त्यांना एवढेच सांगणे आहे: टीव्हीचे पीसीएम आधी बदलून घ्यावे, चित्रपट जसा आला तसा वाजू द्यावा, गाण्याला स्टीरिओ लावावा, मल्टिचॅनल स्टीरिओ सत्यनारायणाच्या दिवशी पाहुण्यांसाठी राखून ठेवावा, आणि रिमोट वहिनींच्या स्वाधीन करावा.