घाट चढून आलेली कोरी गाडी

दसऱ्याच्या तोंडावर बुलढाण्यात गाडी घ्यायला गेलं की सेल्समनचं पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, पांढरी उभी आहे, उद्या न्या." लाल हवी म्हटलं की तो फोन घेऊन बाहेर जातो आणि हसत परततो. "मिळाली! अकोल्याला आहे. मुहूर्ताला दारात."

ही लाल गाडी ट्रकवर बसून येते असं समजणारे सज्जन अजून आहेत. एका गाडीसाठी कंटेनर कोण लावणार? डीलरचा पोऱ्या लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा ट्रेड नंबर अडकवतो आणि बाळापूर, खामगाव करत बोथ्याचा घाट चढवतो. गाणी त्याच्या आवडीची, एसी फुल्ल. यात बेकायदा काही नाही बरं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीच एका डीलरकडून दुसऱ्याकडे गाडी न्यायची मुभा दिली आहे. नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवा, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पण मॅन्युअल तुमच्या हाती पडतं डिलिव्हरीला.

याच बोथ्याच्या जंगलात, ज्ञानगंगा अभयारण्यात, २०१९ साली टिपेश्वरहून एक वाघ आला. सुमारे १,३०० किलोमीटर चालून. गळ्यात रेडिओ कॉलर, त्यामुळे स्वारी कुठून कुठे गेली ते वनखात्याला ठाऊक. आठ-दहा लाख मोजलेल्या गाडीचा एवढाही हिशेब मालकाला मिळत नाही. मीटरवर बोट ठेवलं तर उत्तर तयार: "चालवलेली नाही भाऊ, आणलेली आहे." आणण्याचा खर्च मात्र 'हँडलिंग' म्हणून तुमच्याच बिलात.

ती अकोल्यात पडून का होती, हे कुणी विचारत नाही. तिथल्या गिऱ्हाइकानं नाकारली असेल, किंवा महिनाअखेरच्या टार्गेटपायी डीलरच्या गळ्यात पडली असेल. उभ्या गाडीवर बँकेचं व्याज चढतं, म्हणून घाटाखालचं ओझं घाटावर. गाडी कोणत्या महिन्यात बनली याची खूण तिच्या अंगावरच असते. ती शोधणारे थोडे, टायरखाली लिंबू ठेवणारे सगळे.

एमएच २८ ची पाटी लागण्याआधी तो महिना विचारलात, तर दुसरी गाडी दाखवतात. पाटी लागल्यावर विचारलात, तर चहा मागवतात.