कानातला संसार

गडचांदूरचा इंग्रजी नभोनाट्यप्रेमी रात्री दहानंतर आढळतो. सिमेंटच्या कारखान्यात पाळी बदलते, मोटारसायकलींचा एक लोंढा गावात शिरतो, दुसरा बाहेर पडतो, कुत्री भुंकून दमतात, आणि मग एखाद्या क्वार्टरच्या अंधाऱ्या व्हरांड्यातून एकट्या माणसाचं हसू ऐकू येतं. नवख्या शेजाऱ्याला पहिला आठवडा काळजी वाटते. दुसऱ्या आठवड्यात कळतं, की खुर्चीतल्या गृहस्थाच्या डाव्या कानात वायर आहे, वायरच्या दुसऱ्या टोकाला फोन आहे आणि फोनमध्ये लंडनचं एक जोडपं १७७७ सालापासून भांडत बसलं आहे.

या जातीच्या दोन पोटजाती. एक, कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला केमिस्ट. क्लिंकरमधला मोकळा चुना मोजण्यात हयात गेल्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय त्याला करमत नाही, म्हणून तो प्रत्येक नाटक दोनदा ऐकतो. दुसरी, कॉलेजातला इंग्रजीचा माजी प्राध्यापक. ज्या नाटकांच्या गाइडवर पंचवीस वर्षं शिकवलं, ती खरोखरच विनोदी आहेत असा शोध त्याला निवृत्तीनंतर लागलेला असतो. एका गावात असे दोघे निघालेच, तर त्यांचं पटत नाही. एकाला शेरिडन थोर वाटतो, दुसऱ्याला वाइल्ड, आणि बाजारात समोरासमोर आले की दोघेही सोयाबीनच्या भावावर बोलतात.

छंदाचा उगम शॉर्टवेव्हमध्ये आहे. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवर नाटकं लागत. त्यासाठी तांब्याची तार व्हरांड्यातून शेवग्याच्या झाडापर्यंत ताणावी लागे आणि धुणं वाळत घालायला ती चालत नाही, हे घरात दर आठवड्याला सांगावं लागे. आवाज लाटांसारखा यायचा. नायक लग्नाची मागणी घालायचा तो पूर आल्यासारखा स्पष्ट, आणि नायिकेचं उत्तर मात्र खरखरीत वाहून जायचं. पुढच्या प्रवेशातल्या भांडणावरून ती हो म्हणाली असावी, असा अंदाज बांधायचा. वर्ल्ड सर्व्हिसने नाटकाची नेहमीची वेळ २०११ साली बंद केली. तोवर जुनी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सापडू लागली होती. आता नायिकेचं उत्तर स्वच्छ ऐकू येतं. जुन्या श्रोत्याच्या मते त्याने मजा थोडी कमीच झाली.

त्याला खुनाची नाटकं चालत नाहीत, राजेरजवाड्यांची तर मुळीच नाहीत. लागतात ती लग्नाची: लग्नाआधीची लबाडी, नंतरचा पस्तावा आणि अधूनमधून दुसऱ्याच्या लग्नात खुपसलेलं नाक. अशा नाटकांना इंग्रजीत तीनशे वर्षांची अखंड परंपरा आहे. १७०० सालच्या काँग्रीव्हच्या ‘द वे ऑफ द वर्ल्ड’मध्ये नायक-नायिका लग्नाआधी अटी ठरवतात; त्या ऐकताना प्राध्यापक पोटजातीला देण्याघेण्याच्या बैठकी आठवतात. शेरिडनचं ‘द रायव्हल्स’ १७७५ च्या जानेवारीत पहिल्याच रात्री पडलं. त्याने ते मागे घेतलं, काटछाट केली आणि अकरा दिवसांत पुन्हा उभं केलं. त्यातल्या मिसेस मॅलाप्रॉप भारदस्त शब्द भलत्या जागी वापरतात. अशा बाई प्रत्येक गणेशोत्सव मंडळाच्या सभेत असतात, म्हणून हे पात्र गडचांदुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

या श्रोत्याने यातलं एकही नाटक रंगमंचावर पाहिलेलं नसतं, आणि पाहायची फार इच्छाही नसते. नेपथ्य त्याच्या डोक्यात असतं आणि ते अर्थातच चांदा जिल्ह्याचं असतं. वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ची (लंडन, १८९५) लेडी ब्रॅकनेल त्याला वणीच्या एका मावशीसारखी दिसते: हातात वेताची पर्स, मांडीवर रुमाल, आणि मुलीसाठी आलेल्या स्थळाला विचारायच्या प्रश्नांची तयार यादी. त्या नाटकात नायकाच्या कुळाचा पत्ता लागत नाही, कारण लहानपणी तो हँडबॅगेत घातलेला व्हिक्टोरिया स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सापडलेला असतो. गडचांदूरला रेल्वे येते ती सिमेंट न्यायला, त्यामुळे हा प्रसंग बल्लारशाला हलवावा लागतो. बल्लारशाच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवणं, पावती हरवणं, मग तिथल्या माणसाशी हुज्जत घालणं, हे सगळं श्रोत्याने स्वतः केलेलं असतं. फक्त बॅगेत मूल नव्हतं, एवढाच फरक.

खरी कसोटी शेरिडनच्याच ‘द स्कूल फॉर स्कँडल’मधल्या पडद्याच्या प्रवेशाची. पाहायला हा प्रवेश सोपा आहे: खोलीत घडीचा लाकडी आडोसा, त्याच्यामागे लेडी टीझल, आणि तिचा म्हातारा नवरा सर पीटर पुढे कपाटात. नवऱ्याला सांगितलेलं असतं, की आडोशामागे टोप्या शिवणारी एक फ्रेंच पोरगी आहे. शेवटी आडोसा पाडला जातो आणि सगळे सगळ्यांना दिसतात. रेडिओवर मात्र कुणीच कुणाला दिसत नाही. लपलेली बाई गप्प, आणि रेडिओत गप्प म्हणजे नसल्यातच जमा. म्हणून दिग्दर्शक तिला मधेच एक श्वास घ्यायला लावतो, कापडाची सळसळ ऐकवतो. बाकी सगळं श्रोत्याने ध्यानात ठेवायचं. मग फळी आदळल्याचा आवाज आणि त्यानंतर शांतता. ही शांतता किती सेकंद टिकते यावर केमिस्ट पोटजात नाटकाला गुण देते.

हा प्रवेश न पाहता ऐकणारा पहिला माणूस गडचांदूरचा नाही. १७७७ च्या मे महिन्यात ड्रुरी लेन नाट्यगृहाजवळच्या बोळातून फ्रेडरिक रेनल्ड्स नावाचा एक पोरगा चालला होता. डोक्यावर असा प्रचंड गडगडाट झाला, की इमारत कोसळते आहे असं समजून तो जिवाच्या आकांताने पळाला. दुसऱ्या दिवशी कळलं, की कोसळला तो आडोसा, आणि गडगडाट होता प्रेक्षकांच्या हसण्याचा. पुढे तो पोरगा स्वतः नाटककार झाला आणि ही हकिकत त्याने आठवणींत लिहून ठेवली.

व्हरांड्यातलं हसणं ऐकणाऱ्यांची स्थिती बरीचशी रेनल्ड्ससारखीच असते. आत मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या बायकोला नाटक ऐकू येत नाही, फक्त नवरा ऐकू येतो. संवाद साधारण असा होतो:

“काऊन हासून राह्यले जी एकटेच?”

“अवं, पडद्यामागं बायको लपली.”

“कोनाची?”

“कपाटात जो लपला ना, त्याची.”

थोडा वेळ फक्त देठं तुटल्याचा आवाज.

“म्हंजे दोघंबी इकडंच. घराले कुलूप तरी लावलं का त्याईनं?”

या प्रश्नाचं उत्तर शेरिडनमध्ये नाही. गेल्या अडीचशे वर्षांतल्या टीकाकारांनीही तो विचारलेला दिसत नाही.

इंग्रजी नाटकात काय एवढं, असं कुणी हटकलं तर या श्रोत्याकडे एक तयार व्याख्यान असतं आणि ते बऱ्यापैकी खरं आहे. आर्थर मर्फीचं ‘ऑल इन द राँग’ १७६१ चं. त्याचा धागा आणखी मागे, मोलिएरपर्यंत जातो. गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरून आधी गद्य ‘फाल्गुनराव’ लिहिलं, आणि १९१६ मध्ये तेच संगीताचा साज चढवून ‘संशयकल्लोळ’ म्हणून आलं. लंडनचं संशयी जोडपं मराठीत फाल्गुनराव आणि कृत्तिका होऊन इतकं रुळलं, की त्यांचं माहेर परदेशी आहे हे सांगितलं तर लोकांना राग येतो. वासुदेवराव केळकरांची ‘त्राटिका’ मूळची शेक्सपिअरची. शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ केली. एवढं झालं, की प्राध्यापक मुंबई आकाशवाणीच्या ‘प्रपंच’वर येतो: प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. नवरा-बायकोच्या कुरबुरीला आवाज पुरतो, चेहरा लागत नाही, हे त्या मालिकेने सिद्ध केलं, असा त्याचा दावा. इथवर ऐकणारे सहसा टिकत नाहीत.

केमिस्टकडे वेगळा पुरावा असतो. बीबीसीने खास रेडिओसाठी लिहून घेतलेलं पहिलं मानलं जाणारं नाटक १५ जानेवारी १९२४ ला प्रसारित झालं: रिचर्ड ह्यूजचं ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’. दिवे गेलेल्या वेल्सच्या कोळसा खाणीत काही माणसं अडकतात, आणि पूर्ण अंधारात नुसते आवाज उरतात. नावात कॉमेडी असली तरी हसण्यासारखं त्यात फार नाही. सास्तीच्या खाणीत नोकरी केलेल्या मेहुण्याला हे एकदा ऐकवलं, तर त्याचा शेरा पडतो, की खाणीत माणूस इतकं बोलत नाही. तरीही उन्हाळ्यात वीज गेली की हेच नाटक लावायचं, असा केमिस्टचा शिरस्ता आहे.

झाडीपट्टीच्या नाटकांशी या श्रोत्याचं नातं गुंतागुंतीचं. वडसा हे त्या रंगभूमीचं ठाणं गडचांदूरपासून बरंच ईशान्येला. पण सासुरवाड ब्रह्मपुरीकडे असली, तर दिवाळी ते होळीच्या हंगामात एक रात्र मंडपात काढावीच लागते. पहिल्या अंकाला तो भडक म्हणून नाक मुरडतो. पहाटे तीनला रंगमंचावरची लेक सासरी निघते, तेव्हा मफलरमध्ये तोंड खुपसून रडणाऱ्यांत तो असतो. परतीच्या एसटीत मात्र इंग्रजी नाटकातला संयम या विषयावर तो राजुऱ्यापर्यंत बोलतो.

खाण्यापिण्याच्या सवयींवरही छंदाचा परिणाम होतो. वाइल्डच्या नाटकात पाहुण्यांसाठी केलेले काकडीचे सँडविच यजमानच फस्त करतो आणि नोकर शपथेवर सांगतो, की बाजारात काकडीच नव्हती. हे ऐकताना श्रोत्याला काकडी लागते. ती उद्याच्या कोशिंबिरीसाठी ठेवलेली असते. सकाळी चौकशी होते तेव्हा त्यानेही बाजाराकडे बोट दाखवून पाहिलेलं असतं, पण काकडी आदल्या संध्याकाळी त्यानेच आणली होती, हे घरात सगळ्यांच्या लक्षात असतं.

अपघात एकच, पण तो या जातीच्या प्रत्येक गृहस्थाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. त्या रात्री बहुधा नोएल कॉवर्डचं १९३० चं ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ चालू असतं. घटस्फोट झालेलं जोडपं आपापल्या नव्या जोडीदाराबरोबर मधुचंद्राला येतं आणि हॉटेलात त्यांच्या गॅलऱ्या नेमक्या लागून निघतात. दुसऱ्या अंकात भांडण हातघाईवर येतं. खुर्चीतला श्रोता पुढे झुकतो, वायरची पिन फोनमधून सुटते, आणि इंग्रज जोडपं गडचांदूरच्या व्हरांड्यात पूर्ण आवाजात एकमेकांवर तुटून पडतं. काहीतरी फुटतं. बाई किंचाळते. कॉलनीतल्या क्वार्टरांच्या भिंती सामाईक; दोन मिनिटांत शेजारच्या काकू जाळीच्या दाराशी येतात.

“काऊन वो, पाव्हने आले का? लय भांडून राह्यले.”

नवरा पिन शोधत खुर्चीखाली वाकलेला असतो. बायको मिरच्यांचं सूप बाजूला सारते आणि दारापर्यंत येते.

“नवरा-बायको हायेत. दोन तासाचे पाव्हने. भांडन झालं का जातेत.”

काकू आत डोकावून पाहतात. कुणीच दिसत नाही. तोवर पिन बसलेली असते, आणि नवऱ्याने नाटक फुटण्याच्या आवाजापर्यंत मागे नेलेलं असतं.