बलूला कुणी भाऊ म्हणेना

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा बलू हा टंक म्हणजे अंग गुबगुबीत, कडा गोल, वजन एकच: जाड. लिपी बदलली की त्याच्या नावातलं नातं बदलतं. बंगालीत तो दा, गुरुमुखीत पाजी, गुजरातीत भाई, तमिळमध्ये तंबी. देवनागरीत मात्र नुसताच बलू. आणि हे कुठे, तर जिथे चौकाचौकात भाऊ, दादा, अण्णा फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात तिथे! बालवाडीच्या पाटीवर, आइस्क्रीमच्या दुकानावर तो शोभतोच. पण 'उद्या पाणीपुरवठा बंद' असं त्यात लिहून पाहा. नळ कोरडा, तरी 'बंद'वरचा अनुस्वार लाडवासारखा टम्म. पुढे 'बलू २'मध्ये पाच वजनं आली. फ्लेक्सवाल्याने त्यातलं अर्थातच सर्वांत जाड उचललं.