काकूंचा आकडा

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमची न् काकूंची भिंत एकच, तीही कमरेएवढी. त्यामुळे सकाळचा चहा भिंतीवरच होतो. आज कपाशेजारी तिळगुळाची वाटीही होती.

"मंडळातल्या हळदीकुंकवाला काहून नाही आलीस गं? मजा हुकली. त्या कोपऱ्यावरच्या घरची नवी सून! नऊवारी, डोक्यावर पदर, अन् पदराला पिना किती? मी मागेच बसले होते, मोजल्या. अकरा! वाण द्यायला वाकली, तर एक सुटून थेट तिळगुळात."

"काकू, अकरा म्हणजे काहीच नाही. आमचा धाकटा इतिहास वाचतो ना, तो सांगत होता. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डची मुलगी जोन. १३४८ साली लग्नाला निघाली, तर सामानात बारा हजार टाचण्या. डोक्यावरचं कापड टाचायला."

"बारा हजार? डोकं होतं की पिनांची उशी?"

"त्यांच्याकडे कापडाला कापड टाचायचे. कपाळावर पट्टी, हनुवटीखालून दुसरी, वरून ओढणी, सगळं टाचण्यांच्या भरवशावर. टाचणी म्हणजे पितळेची बारीक तार. माथ्यावर दुसऱ्या तारेचे दोन वेढे दाबून बसवायचे. अन् टोक घासताना तार हलू नये म्हणून गाईच्या पायाच्या हाडाला खाचा पाडून त्यात धरायचे."

काकूंनी कप खाली ठेवला. "शिव शिव! अन् तेच पुन्हा डोक्यावर! बरं, नांदली का मग?"

"कुठलं! सासरी पोचलीच नाही. वाटेत बोर्दोला प्लेगनं गेली. चौदा-पंधराची पोर."

"अगं बाई," म्हणत काकूंनी अंबाड्यातून आकडा ओढून माझ्या तळहातावर ठेवला. चांदीचा, दोन पायांचा, वापरून वापरून गुळगुळीत. एक पाय जरासा वाकलेला. "सासूबाईंचा. आम्ही पदराला कधी पिन नाही लावली. आधी अंबाडा घट्ट, त्यात आकडा, वरून पदर. खुंटी पक्की असली की कापड पडतं का? बिंबाजी भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेलं घराणं आमचं!"

(रायपुरातलं प्रत्येक मराठी घराणं त्याच फौजेबरोबर आलेलं आहे. बिंबाजी १७५८ साली रतनपूरला आले, ते एवढ्या सगळ्यांना घेऊन कसे मावले, देव जाणे.)

तेवढ्यात भाजीवाली आली. "चना भाजी ले लव दाई!" डोक्यावर टोपली, टोपलीखाली चुंबळ, मागे खोप्यात लाकडी ककई. पिन नाही न् टाचणी नाही, पण पदर तसूभर हलला नव्हता.

"बघ," काकू म्हणाल्या.

"बस्तरच्या मुरिया मुली तर एकावर एक फण्या खोवायच्या, काकू. घोटुलातला, म्हणजे त्यांच्या तरुण मुलामुलींच्या घरातला, जोडीदार लाकूड कोरून स्वतः करून द्यायचा. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन तिथे राहिले होते, १९४७च्या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलंय."

"स्वतः कोरून? आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत गोलबाजारातून यू पिनांचं एक पाकीट नाही आणलं!"

भाजीवालीला मराठी किती कळलं कोण जाणे, पण ती पदर तोंडाला लावून हसली. दोन जुड्या घेतल्या. मी वाटीतला तिळगूळ उचलला. काकू दोन्ही हातांनी अंबाडा वळत होत्या. आकडा दातांत धरून काहीतरी बोलल्या.

"काय म्हणालात?"

त्यांनी आकडा खोवला, वरून पदर घेतला. "म्हटलं, बघून खा गं. ती अकरावी पिन अजून सापडली नाहीये."