सत्तर हर्ट्झचं सोवळं

मुंबईत हिंदमाताच्या बाजारात साडी घेणारा आधी पदर बघतो. जुन्या गेमचा भक्त मॉनिटर घेताना आधी हर्ट्झ बघतो.

त्याचा हट्ट अगदीच खोटा नाही. ‘डूम’ (१९९३) ज्या व्हीजीए पद्धतीत चालतो, तिच्यात पडदा सेकंदाला सुमारे ७० वेळा रंगवला जातो आणि गेम त्याच्या निम्म्याने, ३५ चित्रं देतो. आजचे बरेच सपाट मॉनिटर हा सिग्नल घेतात खरा, पण गुपचूप ६० वर आणतात. दहा फेऱ्या गायब, राक्षस अडखळत चालतो. मरणारा तोच मरतो, पण अडखळत.

मग जुन्या ट्यूबच्या मॉनिटरसाठी लॅमिंग्टन रोड, भंगारवाले, ओळखीपाळखी. पंधरा-वीस किलोचं ते धूड चाळीच्या जिन्याने वर चढवायचं. तळमजल्यावर ठेवावं, तर हिंदमाताला पावसाळ्यात तुंबणारं पाणी आहेच.

गंमत अशी, की याच मंडळींचं बालपण टीव्हीला जोडलेल्या नकली गेमयंत्रावर मारिओ खेळण्यात गेलं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं ते ६२५ रेषा आणि ५० हर्ट्झवर. टीव्ही त्याच मापाचे, यंत्रंही त्याच मापाला बसवलेली. जपानी मारिओ मूळचा ६० चा. म्हणजे तो इथे सहाव्या हिश्श्याने मंद धावायचा, संगीतही रेंगाळायचं.

त्यावर घरात तक्रार एकच असायची: बातम्या लागल्या, बंद कर ते.