नातवाला खून मिळाला

सहकारनगरात आमच्या आणि माईंच्या बंगल्यांमधली भिंत बरोब्बर कोपर टेकवता येईल एवढी उंच आहे. रविवारी सकाळी मी तिच्यावर सुपात मिरच्या वाळत ठेवल्या आणि माई कढीपत्ता खुडायचं निमित्त करून पलीकडे हजर.

"कळलं का गं? आमच्या नातवाला खून मिळाला."

मी चमकलेच.

"अगं, मालिकेसाठी! निर्माते म्हणाले, ऐतिहासिक खून द्या, शोधून काढणारा एक हुशार माणूस द्या, आठ भाग द्या. ते 'द नेम ऑफ द रोज' म्हणून आहे ना, तसं हवंय त्यांना. इटलीतला मठ, साल १३२७, एकेक साधू मरतोय. उंबेर्तो एकोची १९८०ची कादंबरी, तिच्यावर २०१९ मध्ये मालिका निघाली. मला बसवून सगळी दाखवली त्यानं. चांगली आहे, पण अंधार फार. आणि शेवटी काय, तर पुस्तकाच्या पानांना विष! बोट जिभेला लावून पान उलटलं की संपलं. मी तेव्हापासून पंचांगसुद्धा कोरड्या बोटानं चाळते."

मला ती मालिका बघायची होती. आता राहिलंच.

"मग पुण्यातला कुठला खून घेतोय? रँडचा?"

"छे! गणेशखिंड, २२ जून १८९७, चापेकर. त्यात शोधायचं काय? शनिवारवाड्यातला घेतोय, नारायणरावांचा."

"माई, त्यात तरी काय शोधायचं? सुमेरसिंग गारदी. चौथीतलं पोरगंही सांगेल."

"तेच म्हटलं त्याला. 'काका मला वाचवा' ही पुण्यात म्हण झालीय रे बाबा, तू कुणाला फसवणार?" माईंनी दोन काड्या तोडून माझ्या सुपात टाकल्या. "तर म्हणतो, आजी, 'स्वामी'च्या पुढचा भाग समज."

हे मात्र मला लागलं. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ची. तिच्यावर ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. आम्ही ज्यांच्याकडे बघायला जायचो, त्या घरात सतरंजीवर जागा धरायला पोरं आधी पाठवत. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि गोनीदांची नात मृणाल देव, रमा. शेवटी थेऊर. सत्तावीस वर्षांचा पेशवा क्षयानं गेला, १८ नोव्हेंबर १७७२, आणि रमाबाई सती गेल्या. खोलीतल्या सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. घरी येताना मी आईला विचारलं होतं, मग पुढे कोण पेशवा झालं? आई म्हणाली, पुढचं नको बघायला. खरंच, मालिका जिथे संपली तिथून खून जेमतेम नऊ महिन्यांवर होता.

माईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आणि ती मालिका केली कुणी, माहितीय? गजानन जागीरदारांनी! म्हणजे प्रभातच्या १९४४च्या सिनेमात जे रामशास्त्री झाले होते तेच. ज्या माणसानं पडद्यावर राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं, त्यानंच म्हातारपणी टीव्हीवर माधवरावांची गोष्ट सांगितली. पण खुनापर्यंत नाही आणली."

"कादंबरीच तिथे संपते हो."

"असेल. मी आपलं सांगितलं." माई कधी हरत नाहीत, फक्त विषय बदलतात. "मी त्याला म्हटलं, मारलं कुणी ते सोड. कोण कुठे होतं ते दाखव. दिवस कुठला? ३० ऑगस्ट १७७३. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी! वाड्यात गणपती बसलेले. भरदुपार. पोरगं नुकतं अठराचं झालेलं. गारदी थकलेल्या पगाराच्या नावाखाली आत घुसले. आणि त्याच सकाळी नारायणरावांना कुणकुण लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना सांगितलंही, बंदोबस्त वाढवा म्हणून."

"मग?"

"हरिपंत जेवायला गेले."

"काहीतरीच!"

"ग्रँट डफनं लिहून ठेवलंय, १८२६च्या इतिहासात. एका मित्राकडे जेवण होतं. म्हणजे बघ, पेशवाईचा खून झाला तेव्हा बंदोबस्तवाले पाटावर. मला विचारशील तर मालिकेचा पहिला प्रसंग तोच हवा. पंगत, वरणभातावर तुपाची धार, आणि लांबून ओरडा."

मला हसू आलं आणि मग आवरलं. धन्याच्या अंगावर आडवा पडून मेलेला चापाजी टिळेकर नावाचा सेवक आठवला. त्याच्यावर कुणी आठ भाग काढणार नाही.

"आणि ते 'ध'चा 'मा'?" मी विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय माई भिंत सोडणार नव्हत्या.

"हां! त्यावरच भांडलो आम्ही. त्याच्या संहितेत आनंदीबाई बोरू घेऊन बसलीय, दिव्याच्या उजेडात, आणि 'धरावे'चं 'मारावे' करतेय. अक्षर देवनागरी! मी म्हटलं, मेल्या, पेशव्यांच्या दफ्तराची लिपी मोडी. निदान ते तरी शिकून घे. तर म्हणतो, प्रेक्षकांना कळणार नाही."

"पण केलं का हो तिनं?"

माईंनी इकडेतिकडे पाहिलं. अडीचशे वर्षांनीही आवाज खाली गेला.

"डफसुद्धा 'लोक मानतात' एवढंच म्हणतो. राघोबादादांनी कबूल काय केलं, तर धरायचा हुकूम मी दिला, मारायचा नाही. झालं! मधलं एक अक्षर उरलं, ते कुणाच्या तरी पदरात घालायला हवं. पुरुषाला हुकूम दिल्याचं पाप, बाईला अक्षर बदलल्याचं. आणि फायदा कुणाचा झाला, गादी कुणाला मिळाली? दादांना. मला तर वाटतं, हुकूम 'धरावे' असता तरी त्या गर्दीत वेगळं काय झालं असतं? पण गुहागरची ओकांची मुलगी, ठसक्याची, नवऱ्याला बोलणारी. बोल लावायला बरी सापडली."

"तुम्हाला एवढा पुळका कधीपासून?"

"पुळका नाही गं. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' १९०९चं, मग प्रभातच्या सिनेमात ललिता पवार. मी दहा वर्षांची असताना मॅटिनीला पाहिला. त्यानंतर आनंदीबाई म्हटलं की मला ललिता पवारच दिसायच्या, डोळे वटारलेल्या. सासू झाल्यावर कळलं, आपल्याकडेही सुना तशाच बघतात."

यावर काय बोलणार? त्यांची सून वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"आणि पुढचं तर आणखी रंगतदार," माई पुन्हा जोरात. "विधवा गंगाबाई गरोदर. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेलं. मुलगी झाली तर? म्हणून बरोबर आणखी काही गरोदर बायका नेल्यात, असं तेव्हा गावात बोलत होते! १८ एप्रिल १७७४ला सवाई माधवराव झाले, चाळिसाव्या दिवशी पेशवे. तेव्हाही बायका भिंतीवर कोपर टेकून बोलत असणार की नाही?"

"मग रामशास्त्र्यांचं काय करतोय नातू? तोच ना शोधणारा हुशार माणूस?"

"तिथेच तर अडलंय. रामशास्त्र्यांनी छडा लावला, तोंडावर शिक्षा सांगितली आणि पुणं सोडून गेले. शिक्षा झालीच नाही. ते निर्माते म्हणतात, शेवट बदला. आरोपी मोकळा फिरतोय, लोक चिडतील."

"आपल्याकडे? चिडतील?"

माई खो खो हसल्या. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून कुकरची तिसरी शिट्टी आणि पाठोपाठ यांची हाक. आमटी उतू चालली होती. मी सूप उचलायला गेले तर माईंनी काठ धरून ठेवला.

"शेवटचं सांगते, मग जा. तो वाड्याचा नारायण दरवाजा आहे ना—"

"माई, करपेल!"

"जा बाई, हरिपंत. जेवून घ्या."